मिटवणे आणि सोडवणे

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा आम्हां काही माजी विद्यार्थ्यांना प्रथम आठवणीच लिहाव्याशा वाटल्या. पहाटेची वंदना, टाकीपाशी लागणारी बादल्यांची रांग, श्रमदानाची सकाळ, परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात चोरून लावलेला दिवा, असे पुष्कळ काही मनात साठलेले आहे. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास जमल्यावर आम्ही प्रत्यक्षात ज्याविषयी बोलतो, ते निराळेच असते. पंगत उठली, गुरुजनांना वंदन झाले, की मैदानाच्या कडेला चार-चार, पाच-पाच जणांचे घोळके होतात आणि विषय निघतो तो नोकरीच्या ठिकाणच्या भांडणांचा. सुपरवायझर कसा बोलला, कंत्राटदाराने हजेरी कशी कापली, कँटीनमध्ये कोणी कोणता शब्द वापरला, कोणाला रात्रपाळीला टाकले. या गोष्टी आजवर कोणत्याही स्मरणिकेत छापल्या गेल्या नाहीत. म्हणून यंदा आठवणी बाजूला ठेवून त्यांच्याविषयीच लिहावे, असे आम्ही ठरवले.

आमच्यापैकी बरेच जण पालघरहून उमरोळी ओलांडून बोईसरला उतरतात आणि तेथून रिक्षाने, कंपनीच्या बसने किंवा पायी तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात शिरतात. काही सरावली, पास्थळ, खैरापाडा येथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. काही जण रसायनांच्या कारखान्यांत आहेत, काही औषधांच्या, काही कापडाच्या आणि पोलादाच्या. थोडे अणुविद्युत केंद्राच्या कामांवर कंत्राटदाराकडे आहेत. दोघे-तिघे स्वतःच लहानसे कंत्राट घेतात. म्हणजे पुढे जे लिहिणार आहोत, त्यात आमची माणसे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहेत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

बोईसरच्या कारखान्यांत भांडणाच्या बाबतीत एकच क्रियापद ऐकू येते: मिटवणे. ‘मिटवून टाका’, ‘आपसात मिटवा’, ‘साहेबांपर्यंत जाऊ देऊ नका, इथेच मिटवू’. आपल्या मराठीत डोळे मिटतात, फुलाच्या पाकळ्या मिटतात, पाटीवरचे अक्षरही मिटते. भांडणाची गाठ मात्र सोडवावी लागते. मिटवणे आणि सोडवणे या दोन क्रियांत जे अंतर आहे, त्या अंतरात आमच्या कित्येकांच्या नोकऱ्या, आणि एकाच्या बाबतीत दोन बोटे, गेली आहेत.

ती हकिकत थोडक्यात सांगतो. एका रासायनिक कारखान्यात आमचा एक वर्गमित्र प्लांटवर ऑपरेटर होता. पाइपच्या जोडाचे गॅस्केट झिरपत होते. त्याने पाळी संपताना लॉगबुकमध्ये तसे लिहिले, पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने त्याला सर्वांसमोर विचारले की, तू मला काम शिकवतोस काय? आवाज चढले. त्यात आमच्या मित्राच्या शिक्षणाचा, शाळेचा आणि शेवटी ‘तुम्हा लोकांचा’ उल्लेख झाला. मग दोघांना कार्यालयात बोलावण्यात आले. तेथे चहा आला. आपण सगळे एका कुटुंबातले आहोत, असे सांगण्यात आले. सुपरवायझरशी हस्तांदोलन झाले, आमच्या मित्राकडून माफीच्या चार ओळी लिहून घेण्यात आल्या आणि त्याची बदली गोदामात झाली. भांडण मिटले. गॅस्केट मात्र झिरपतच राहिले. पुढे त्याच जोडापाशी एका कंत्राटी मुलाचा हात भाजला आणि त्याला दोन बोटे गमवावी लागली. चौकशीच्या वेळी लॉगबुकमधील त्या दोन नोंदी कोणी उघडून पाहिल्या की नाही, हे आमच्या मित्राला कधीच कळले नाही. तो तेव्हा गोदामात पिंपे मोजत होता.

त्या खोलीत जे घडले त्याला समेट म्हणता येणार नाही. भांडणाचे कारण एक होते, झिरपणारा जोड. त्यावर तेथे एक शब्दही झाला नाही. अपमानाचे शब्द उच्चारले गेले होते, त्यांवरही झाला नाही. चर्चा झाली ती केवळ आवाज कोणाचा चढला याची. आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यातला बुक्का येथे चहाच्या कपातून आला, एवढाच फरक.

कौसंबीच्या भिक्खूंचा कलह आपण शाळेत गोष्ट म्हणून ऐकला होता. मोठेपणी तो पुन्हा वाचला तेव्हा आम्हांला ती तारापूरच्या कुठल्याही प्लांटची गोष्ट वाटली. अट्ठकथेत कलहाचे मूळ सांगितले आहे ते इतके क्षुल्लक की हसू यावे. घोषिताराम विहारात धम्म शिकवणारे एक आचार्य होते आणि विनय शिकवणारे दुसरे. पहिल्याने शौचालयातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. दुसऱ्याने ते पाहून हा नियमभंग आहे असे सांगितले. पहिला म्हणाला, मला ठाऊक नव्हते, दोष कबूल करतो. दुसरा म्हणाला, हेतू नसेल तर दोष नाही. येथे विषय संपला होता. पण विनयाचार्यांनी बाहेर जाऊन आपल्या शिष्यांना सांगितले की, त्याला स्वतःचा दोषही कळत नाही. शिष्यांनी ते दुसऱ्या आचार्यांच्या शिष्यांच्या कानावर घातले. ते ऐकून दुसरे आचार्य म्हणाले, तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोलणारा तो खोटारडा आहे. झाले! दोन गट पडले, एका गटाने दुसऱ्या आचार्यावर निष्कासनाची कारवाई केली आणि संघ दुभंगला. तथागतांनी समजावले. भिक्खूंनी त्यांनाच सांगितले की, भगवंतांनी निश्चिंत असावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ. तेव्हा तथागत एकटेच पारिलेय्यक वनात निघून गेले.

पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. कलह संपला तो उपदेशाने नव्हे. कौसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा घालणे थांबवले, तेव्हा ते श्रावस्तीस गेले. तेथे ज्याच्यावर कारवाई झाली होती त्या भिक्खूने आपण होऊन दोष मान्य केला, संघाने त्याला परत घेतले आणि मगच एकत्र उपोसथ झाला. म्हणजे समेट होण्यापूर्वी तीन गोष्टी घडाव्या लागल्या: बाहेरच्या समाजाने दबाव आणला, मूळ मुद्दा पुन्हा उघडला गेला आणि जो दोषी होता त्याने तो दोष नाव घेऊन सांगितला. नुसते हस्तांदोलन कोठेच नाही.

भिक्खुसंघ ही अखेर एकत्र राहणारी, एकत्र काम करणारी, निरनिराळ्या जातींतून आणि गावांतून आलेली माणसे होती. त्यांच्यात तंटे होणारच, हे विनयाने गृहीत धरले आहे. तंटे मिटवण्यासाठी, म्हणजे खरे तर सोडवण्यासाठी, सात पद्धती सांगितल्या आहेत, त्यांना अधिकरणसमथ म्हणतात. सातही येथे उलगडण्याची गरज नाही. पहिली आहे सम्मुखाविनय: ज्यांचा वाद आहे ते दोघे समोर हवेत, संघ समोर हवा आणि नियमही समोर हवा. पाठीमागे निर्णय नाही. कौसंबीत जे शिष्यांच्या कानी घातले गेले, ते समोर बोलले गेले असते तर पुढचे काही घडलेच नसते. आणखी एक पद्धत आहे पटिञ्ञातकरण: ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या कबुलीनुसारच निर्णय, त्याने जे मान्य केले नाही त्याची शिक्षा त्याच्या माथी मारायची नाही. आमच्या मित्राकडून ज्या चार ओळी लिहून घेतल्या, त्या या कसोटीवर उभ्याच राहत नाहीत.

आणि सातवी पद्धत, तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. घाणीवर गवत पसरावे, तसे दोन्ही पक्षांचे बोलणे-चालणे एकदाच झाकून पुढे जायचे. वरवर पाहता हे आपल्या ‘मिटवून टाका’सारखेच दिसते, आणि कार्यालयातील चहावाले साहेब कदाचित याचाच आधार घेतील. पण विनयाने येथे दोन अटी घातल्या आहेत. एक, सगळा संघ एकत्र जमलेला हवा आणि दोन्ही बाजूंच्या जाणत्याने आपापल्या पक्षाच्या वतीने उघडपणे बोलायला हवे. दुसरी अट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. गंभीर अपराध गवताखाली जात नाहीत, आणि ज्यात संघाबाहेरच्या गृहस्थांचा संबंध आहे तेही जात नाहीत. रांगेतील धक्काबुक्की, तापलेल्या डोक्याने उच्चारलेला शब्द, पाळी बदलताना उशिरा आल्याची कुरबूर, यांवर खुशाल गवत घालावे. आम्हीही घालतो. झिरपणारा जोड, जातीवरून केलेला अपमान, स्त्री कर्मचाऱ्याच्या अंगचटीला जाणे, बुडवलेली मजुरी, यांवर गवत घालता येत नाही. त्याखाली पुन्हा कोणाचा तरी पाय पडतो.

या संघात विनयाचा अधिकारी पुरुष कोण मानला गेला? उपाली. कपिलवस्तूचा न्हावी. शाक्य राजपुत्रांबरोबर तो आला, तेव्हा त्याला त्यांच्या आधी दीक्षा देण्यात आली, जेणेकरून राजपुत्र त्याला वंदन करतील आणि त्यांचा कुळाचा अभिमान उतरेल. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे प्रश्न त्यालाच विचारले गेले. कारखान्यातील तक्रार कोणापुढे जावी, हा प्रश्न जेव्हा येतो, तेव्हा आम्हांला उपालीची आठवण होते. तक्रार ऐकणाऱ्यांत ज्याने हाताने काम केले आहे असा एक तरी माणूस असावा.

बाबासाहेबांनी संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात, सभा चालवण्याचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खुसंघाला ठाऊक होते, असे सांगितले होते, ते आपल्याला पाठ आहे. पण त्यांच्या मजूरविषयक कामात हाच धागा किती घट्ट आहे, याची चर्चा आपल्या कार्यक्रमांत फारशी होत नाही. मुंबई इलाख्याच्या विधानसभेत 1938 मध्ये औद्योगिक कलह विधेयक आले. समेटाची प्रक्रिया सक्तीची करायची आणि ती चालू असताना संप बेकायदा ठरवायचा, असा त्याचा रोख होता. नावात समेट असूनही बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. संपाचा अधिकार काढून घेणे म्हणजे मजुराचे स्वातंत्र्यच काढून घेणे, अशी त्यांची मांडणी होती. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांसह एक दिवसाचा संप घडवला. विधेयक तरीही संमत झाले. मात्र तेच बाबासाहेब 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एका टेबलाशी बसवणारी त्रिपक्षीय परिषद त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. या दोन कृतींत आम्हांला विसंगती दिसत नाही. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याला टेबलाशी बसवून केलेला समेट त्यांना मान्य नव्हता. मुभा दिल्यावर मात्र टेबल मांडायला तेच पुढे झाले.

कामगारांच्या आपसातील मौनाचाही त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाचे निमित्त होई. पगार त्या खात्यात अधिक होता. 1928 च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढेच ठेवला. लढ्याच्या वेळी घरातले उणेदुणे काढू नये, असे त्या काळीही कोणी म्हणाले असेल.

आणि आपल्या जिल्ह्याला तरी हे परके वाटू नये. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठीला नकार दिला, तो याच मातीत. त्याआधी तेथेही वरवर शांतताच होती.

आता कायद्याकडे थोडे वळू. बोईसरमधील तरुणांशी बोलताना असे आढळते की, त्यांना युनियन आणि पोलीस ठाणे या दोनच जागा ठाऊक आहेत, मधले काही ठाऊक नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींची कार्य समिती नेमण्याची तरतूद झाली. 2010 च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती आली, आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही वीसची मर्यादा कायम ठेवली. या समितीत दोन्ही बाजूंचे सदस्य समान असतात, अध्यक्षपद एक वर्ष मालकपक्षाकडे तर पुढचे वर्ष कामगारपक्षाकडे जाते आणि स्त्रियांना प्रतिनिधित्व द्यावे लागते. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 2013 च्या कायद्याने दहा कर्मचाऱ्यांपासून पुढे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तेथे समेट करायचा तर तो तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या मागणीवरूनच, आणि पैशाच्या मोबदल्यावर मुळीच नाही. गवताची दुसरी अट येथे कायद्याच्या भाषेत लिहिलेली आहे, असे आम्ही म्हणतो ते उगीच नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातील कामगाराला, धोका जवळ आल्याचे व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकालाही कळवण्याचा अधिकार मिळाला. आमच्या मित्राला त्या दिवशी हे ठाऊक असते तर? आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

येथे आमचे कंत्राटी बांधव लगेच हात वर करतील, आणि त्यांचे बरोबर आहे. समिती कंपनीची, आपण कंत्राटदाराचे. तक्रार केली तर उद्या सकाळी गेटवर पास चालत नाही, एवढेच कळते. नोटीस नाही, कारण नाही. अशा माणसाला ‘समोर बोल’ असे सांगणे सोपे आहे, कारण त्याची किंमत आपल्याला मोजायची नसते. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर टाकली आहे, हे खरे. तरी ती मागायला जाणारा एकटा असेल तर कायद्याचे पान त्याच्या खिशातच राहते. म्हणून आमचे म्हणणे असे की, एकट्याने तक्रार करू नये. निदान दोघांनी सही करावी, तारीख घालावी, प्रत आपल्याजवळ ठेवावी. आणि दुसरी सही शक्यतो कायम कामगाराची असावी. आमच्यातले जे कायम झाले आहेत, ते ही सही द्यायला कचरतात, हे आम्ही पाहिले आहे. आम्हीही कचरलो आहोत.

दुसऱ्या बाजूचेही लिहिले पाहिजे. पहिल्याच कुरबुरीला पुढाऱ्याला फोन लावायचा, दहा मोटारसायकली गेटवर उभ्या करायच्या आणि मग त्या पुढाऱ्याने साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन काय ठरवले हे आपल्याला कळूही नये, ही रीत आपल्याकडे वाढते आहे. त्यातून भांडण सुटत नाही, ते फक्त दुसऱ्याच्या मालकीचे होते. काही वेळा जातीचा उल्लेख झालेला नसतानाही तो झाल्याचे सांगितले जाते. अशा एकदोन प्रसंगांमुळे खऱ्या अपमानाची तक्रार करणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मोठ्या झगड्यातून मिळालेला आहे. तो वापरायची वेळ आली तर न कचरता वापरावा, पण तो धमकीचे चलन करू नये. हे समाजबांधवांना रुचणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे.

आणि जे आमच्यापैकी सुपरवायझर झाले, कंत्राटदार झाले त्यांचे काय? गेल्या मेळाव्यात आमच्यातील एकाने, जो आज चाळीस माणसे पुरवतो, मोकळेपणी सांगितले की, त्याच्याकडे कोणतीही समिती नाही, कागदावरही नाही. त्याच्या माणसांत ओडिशाचे आहेत, बिहारचे आहेत, विक्रमगड-जव्हारचे आदिवासी आहेत. तक्रार आली की तोही म्हणतो, मिटवा रे. सगळे हसले. मग कोणी हसेना.

आता शाळेविषयी, कारण ही स्मरणिका शाळेची आहे. येथे आम्हांला अन्न मिळाले, अक्षर मिळाले, उभे राहण्याची हिंमत मिळाली. या ऋणाबद्दल दुमत नाही. परंतु भांडणाच्या बाबतीत आम्हांला येथे एकच वाक्य मिळाले: भांडू नका. बादल्यांच्या रांगेत मारामारी झाली की दोघांनाही मैदानाला फेऱ्या घालाव्या लागत आणि रात्री वंदनेनंतर गळाभेट करावी लागे. रांगेत कोण घुसला होता, हे कोणी विचारत नसे. लहान वर्गातला मुलगा सहसा रांगेत मागे ढकलला गेलेला असे आणि फेऱ्याही तोच घाली. गुरुजनांचा हेतू वाईट नव्हता. दीडशे मुलांत रोजची भांडणे तपासत कोण बसणार? पण पंधरा वर्षांनी कार्यालयातील त्या खोलीत आमच्या मित्राने मुकाट्याने माफी लिहून दिली, तिचा सराव त्याला येथेच झाला होता, असे आम्हांला वाटते. त्यालाही तसेच वाटते, त्याच्या परवानगीने हे लिहीत आहोत.

वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक जण संघाला विनंती करतो की, माझ्यात काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर ते मला सांगावे. आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायचा असतो, तोही उकिडवे बसून, हात जोडून. शाळेत आपण आश्विन पौर्णिमेला पवारणेविषयी भाषण ऐकत आलो, प्रत्यक्ष पवारणा पाहिली नाही. आमची शाळा समितीला विनंती आहे की, महिन्यातून एकदा वसतिगृहात ती करावी. आरंभ अधीक्षकांनी करावा, मग शिक्षकांनी, मग वरच्या वर्गांनी, आणि लहानांना फक्त ऐकण्याची आणि बोलण्याची मुभा असावी. जे बोलले जाईल त्याची वही ठेवावी आणि पुढच्या महिन्यात आधी ती वही वाचावी.

आमच्या बाजूने आम्ही एवढे ठरवले आहे. येत्या आश्विन पौर्णिमेला शाळेच्या सभागृहात बोईसर-तारापूरला काम करणारे माजी विद्यार्थी जमतील. कायम, कंत्राटी, सुपरवायझर, कंत्राटदार, सगळे. कामगार कायद्याचे जाणकार वकील बोलावले आहेत, ते तक्रार कशी लिहावी हे प्रत्यक्ष लिहून घेऊन दाखवतील. चाळीस माणसांचा आमचा तो मित्र आपल्या तक्रार निवारण समितीची नावे घेऊन येणार आहे. आणि गोदामात बदली झालेला आमचा वर्गमित्र त्या लॉगबुकमधल्या दोन नोंदी, त्याला आठवतात तशा, तारीख-वेळेसह वाचून दाखवणार आहे. तो कंत्राटी मुलगाही येतो म्हणाला आहे.